शटरच्या आतले हात

परतूरला आमचं दुकान मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्याला होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि मधे एक लाकडी दार. लग्न होऊन मी वाटूरहून या घरात आले तेव्हा एक्क्याऐंशी साल चालू होतं, आणि पहिल्या दिवशी मला भीती वाटली ती त्या दाराची. ते बंद असलं तरी हलायचं. त्याची कडी थरथरत राहायची. पलीकडं मशीन चालू असायचं आणि त्याचा हादरा फरशीतून पायात, पायातून वर पार दातांपर्यंत यायचा. माझं माहेर शेतकऱ्याचं. तिथं आवाज म्हणजे विहिरीवरचं इंजिन, तेही लांबून ऐकू येणारं. इथं आवाज घरातच राहायला होता.

काम काय चालायचं ते सांगते. ट्रक, जीप, ट्रॅक्टर यांच्या इंजिनाच्या पोटात एक जाड, वाकडातिकडा दांडा असतो. त्याला क्रँक म्हणतात. तो फिरून फिरून झिजतो. मग गाडीवाले तो काढून आमच्याकडं आणायचे. आम्ही तो मशीनवर चढवून, मोठ्या दगडी चाकानं घासून पुन्हा गोल, गुळगुळीत करून द्यायचो. घासायचं म्हणजे किती, तर कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. जास्त गेलं की दांडा भंगारात. सेलू, मंठा, आष्टी, सगळीकडून माणसं यायची. कापसाचा हंगाम असला की दुकानासमोर क्रँक ओळीनं मांडलेले असायचे, गोणपाटात गुंडाळलेले, प्रत्येकाला तारेनं बांधलेली चिठ्ठी.

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, हे काम हैदराबादच्या एका उस्तादांकडं शिकले होते. उस्ताद म्हातारपणी जालन्यात मस्तगडला येऊन राहिले आणि आमच्या लग्नाआधीच वारले. मशीन त्यांचंच. जाताना ते मालकांना देऊन गेले. मालक रोज सकाळी मशीनला हात लावून तो हात छातीला लावायचे, मग बटण दाबायचे. आम्हाला मूल झालं नाही. घरात आम्ही दोघं, आणि तो आवाज.

लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील, मालकांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी बशीतला चहा सांडायचा, मग शर्टाची गुंडी लागेना. जालन्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. दुकानात त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं हत्यार, वाचायला मला बोलावायला लागले. मी दहावीपर्यंत शिकलेली, आकडे मला लवकर जमले. मी आकडा सांगायची, ते चाक पुढं घ्यायचे.

मग एक दिवस त्यांचा हात उडाला. चाक आत शिरलं आणि एका ट्रकचा क्रँक कामातून गेला. मालकांनी ड्रायव्हरला सांगितलं की जुन्या दांड्याला आतून चीर होती, आणि स्वतः जालन्याला जाऊन दुसरा आणून दिला. ड्रायव्हर गेल्यावर ते मशीनच्या बाजूला उकिडवे बसले. म्हणाले, "आता तूच चाक धर."

"मी? मला काय येतंय?"

"आकडा तू वाचतीस. आवाज तू सात वर्षं ऐकून राह्यलीस. बाकी मी सांगतो."

"लोकं काय म्हणतील?"

"लोकांना कळलंच न्हाई पाहिजे. बाईनं घासलेला क्रँक कुणी गाडीत बसवणार हाय का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मशीनपुढं उभं केलं आणि माझ्या हातांकडं बघून म्हणाले, "बांगड्या काढ. फिरत्या दांड्यात बांगडी अडकली तर हात खांद्यापासून जाईल."

काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या. साबण लावून एकेक काढल्या आणि भिंतीच्या खिळ्याला अडकवल्या. माझी मोकळी मनगटं बघून मालकांनी तोंड फिरवलं. तेव्हापासून रोज दुपारी मी बांगड्या काढायची आणि कामातून उठले की पुन्हा भरायची. नवरा चार हातांवर बसलेला असायचा आणि माझे हात विधवेसारखे उघडे. त्याचं मला पहिले काही महिने फार वाईट वाटायचं. नंतर सवय झाली.

शिकायला मला वर्ष लागलं. मालक पाठीमागं उभं राहून सांगायचे, "आता ऐक. आवाज खरखर येतोय तवर दांडा गोल न्हाई. एकसारखा झाला की थांब." दुधासारखं पांढरं पाणी चाकावर पडत राहायचं, ठिणग्या पाण्यातच विझायच्या. कधी थांबायचं ते हळूहळू मला आकडा बघायच्या आधीच कळायला लागलं. वर्षाच्या शेवटी मी एकटीनं एका जीपचा क्रँक केला. मालकांनी तो अंगठ्यानं चाचपला, पुन्हा चाचपला, आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बसले. त्या दिवसापासून ते बाहेर आणि मी आत, असं ठरूनच गेलं.

शटर वीतभर सोडून खाली ओढलेलं असायचं. मालक पुढं पत्र्याच्या सावलीत लोखंडी खुर्ची टाकून बसायचे. हात गुडघ्यांत दाबून धरायचे म्हणजे कंप दिसत नसे. माल आला की तिथंच ठेवून घ्यायचे, माणूस गेला की आत सरकवायचे. कुणी विचारलं, "भाऊ, तुम्ही तर हितं बसलात. आत कोण हाय?" तर म्हणायचे, "कुणी न्हाई. एकदा लावून दिलं की मशीन आपलं आपण चालतं."

साध्या माणसाला हे पटायचं. पण गावातल्या एका गॅरेजचा फिटर होता, माझ्या लग्नाआधीपासून आमच्याकडं माल आणणारा. त्याला ठाऊक होतं की असलं मशीन माणसाशिवाय चालत नाही. एका दुपारी मालक पाणी प्यायला घरात आले होते. मी कामात होते. शटरच्या फटीतून येणारा उजेड एकदम कमी झाला, म्हणून मी मान न हलवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. कुणीतरी जमिनीला गाल लावून आत बघत होतं. हात सोडता येण्यासारखा नव्हता, दांडा अर्ध्यावर होता. मी घासत राहिले. थोड्या वेळानं उजेड पुन्हा आला.

दुसऱ्या दिवशी तो फिटर लिंबू आणि उदबत्ती घेऊन आला. मी दाराआडून ऐकत होते.

"भाऊ, एक विचारू? उस्ताद येतेत का आत?"

मालकांनी खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तुला काय दिसलं?"

"हात. नुसते दोन हात. मनगटाच्या मागं काहीच न्हाई."

मशीनवर पत्र्याच्या टोपीचा एक दिवा होता. त्याचा उजेड फक्त चाकावर पडायचा. मी कायम काळपट लुगडं नेसायची, तेलाचे डाग दिसू नयेत म्हणून. माझा बाकीचा देह अंधारात होता, एवढीच गोष्ट. मालकांनी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी ते हळू आवाजात म्हणाले, "हे बिलकुल कुणाला बोलू नको."

आठ दिवसांत सगळ्या परतूरला माहीत झालं.

फिटर येऊन गेला त्या संध्याकाळी आम्ही दोघं खूप हसलो होतो. आजार आल्यापासून मालक पहिल्यांदाच तसे हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण काम वाढत गेलं तसं हसू राहिलं नाही. ड्रायव्हर लोक शटरपुढं नारळ ठेवून जायचे. कुणी सांगायचं, "भाऊ, आमचा क्रँक हातांकडूनच करून घ्या, तुम्ही नका हात लावू." मी बाजारात भाजी घ्यायला गेले की बाया माझ्याच घरातली गोष्ट मलाच सांगायच्या. हात पुरुषाचे आहेत, बोटं लांब आहेत, एका बोटात निळ्या खड्याची अंगठी आहे. एकजण म्हणाली, "तुमाला भ्या न्हाई वाटत का वो, एका घरात ऱ्हायाचं?" मी पिशवीखाली हात लपवला. माझ्या बोटात अंगठी कधी नव्हतीच.

भीती मला वाटायला लागली, पण वेगळीच. त्या दिव्याखाली रोज तीन-चार तास मी माझे हात बघायची. उघडी मनगटं, पांढऱ्या पाण्यानं सुरकुतलेली बोटं. ती इतकी सराईत झाली होती की मला काही करावं लागत नसे. एकदा मी मनात म्हणाले, आता थांब. आणि हात लगेच थांबले नाहीत. थोडं पुढं जाऊन, त्यांना वाटलं तेव्हा थांबले. मी आकडा बघितला. बरोबर होता. मी थांबवले असते तर घासणं कमी पडलं असतं.

मालकांना मी हे सांगितलं नाही.

नव्वदीचं दशक संपता संपता काम आटलं. आधी आम्ही ते हंगामावर ढकललं, मग पावसावर. खरं कारण फिटरनंच सांगितलं. "भाऊ, आता इंजिन खोलायचंच न्हाई म्हणतेत. कंपनीतून नव्या इंजिनाची पेटी येती. जुनं काढा, नवं ठेवा, जल्दी गाडी रस्त्यावर. घासत कोण बसतंय?" जालन्यात गाड्यांच्या कंपन्यांचे काचेचे मोठे वर्कशॉप झाले होते. नव्या गाड्या तिकडंच जायच्या. आमच्याकडं यायच्या त्या फक्त म्हाताऱ्या गाड्या, आणि त्या एकेक करून रस्त्यावरून कमी होत होत्या.

मस्तगडला उस्तादांचा दुसरा एक शागीर्द होता. त्याचंही असंच दुकान. मालक म्हणाले, त्याला विचारू काय करायचं. आम्ही गेलो तर त्या जागी तयार कपड्यांचं दुकान होतं. तोच माणूस हँगरला लावलेल्या शर्टांच्या ओळींत बसलेला. पंख्यानं शर्टांच्या बाह्या हलत होत्या. मालकांनी विचारलं, "मशीन कुठंय?"

"गेलं. भट्टीत." जालन्याला लोखंडाच्या सळया करायचे कारखाने आहेत, सगळं भंगार तिथं वितळतं. तो शर्टांकडं हात करून म्हणाला, "आता कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमधी आसंल. तुम्ही पण लवकर काढून टाका. मशीन थंड पडून राह्यलं की घरच्या माणसाला खातं."

परतताना वाटूर फाट्यापर्यंत मालक खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्याकडं न वळता म्हणाले, "उद्यापासून दुपारी दोन ते पाच मशीन चालू ठेवायचं."

"काम कुठंय?"

"कामाचं कुठं म्हणलो? आवाज यायला पाहिजे. आवाज बंद पडला की माणसं म्हणतात दुकान मेलं."

तसं सुरू झालं. जेवण झालं की मी बांगड्या काढायची, कारण सवय मोडत नव्हती, आणि बटण दाबायची. चाक नुसतंच फिरायचं. त्याच्यापुढं काही नसायचं. मी बाजूला स्टुलावर बसून ताटात तांदूळ निवडायची. हादऱ्यानं तांदळाचे दाणे ताटात आपोआप सरकत एका बाजूला गोळा व्हायचे. रिकाम्या मशीनचा आवाज वेगळा असतो, पोकळ, वरच्या पट्टीचा. ज्याला कळतं त्याला लगेच कळावं. पण शटरपुढून जाणारं कुणी थांबत नव्हतं. मालक बाहेर खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला मान हलवून नमस्कार करायचे, जसं काय आत फार मोठं काम अडलंय.

असं दीड वर्ष चाललं.

तेव्हा उन्हाळ्यात दुपारची लाईट जायची. एका दुपारी मी आत बसले होते आणि दिवा विझला. मशीनची मोटर बंद पडली. जड चाक असल्यानं ते लगेच थांबत नाही, चार-पाच मिनिटं आपल्याच जोरानं फिरत राहतं, आणि आवाज हळूहळू खाली जातो. मी अंधारात बसून ऐकत राहिले. शेवटचा फेरा संपला. फरशी शांत झाली. मी उठून चाकावर तळहात ठेवला. ते थांबलं होतं.

बाहेर चहावाला आला होता. फटीतून त्याचे पाय दिसत होते.

"भाऊ, काम जोरात दिसतंय आज," तो म्हणाला.

"हां. ट्रकचा हाय. संध्याकाळपर्यंत व्हईल," मालक म्हणाले.

"आवाज जड लागून राह्यला आज."

"लोड हाय न."

माझा हात चाकावरच होता. दगड गार होत चालला होता. मला वाटलं दोघं मस्करी करतायत, पण आवाजात मस्करी नव्हती. लोक मोठ्या आवाजाच्या शेजारी जसं ओरडून बोलतात तसं ते ओरडून बोलत होते. मी मागच्या दारानं बाहेर पडले, बोळातून फिरून रस्त्यावर आले आणि दुकानासमोर उभी राहिले. मला एक गाढव ओरडलेलं ऐकू आलं. लांब स्टेशनवर मालगाडीचे डबे आपटले. बाकी काही नाही. आणि मालक खुर्चीवर बसून पायानं ताल धरत होते. चहावाल्यानं रिकामा कप घेतला, शटरकडं बघून मान डोलावली आणि गेला.

पुढचे दोन दिवस मी मशीन चालूच केलं नाही. जेवून आत गेले, दार लावलं आणि अंधारात गप बसून राहिले. बघू तरी, कुणाच्या लक्षात येतं का. मालक काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मावशी कमरेवर हात ठेवून आल्या.

"काय गं, आज लईच हादरा हाय. माझी भांडी खाली येतेत आता."

मी त्यांच्या घरात जाऊन बघितलं. फळीवरच्या पितळी डब्यांची ओळ पार कडेला आली होती. दोन डबे अर्धे हवेत होते. मी ते मागं सारले. डब्याला हात लावला तेव्हा तो हलत नव्हता. मावशी म्हणाल्या, "बघ, बघ कसं थरथरतंय."

तिथून येताना माझ्या मनात भीती होतीच, पण राग त्याच्यापेक्षा जास्त होता. बारा-तेरा वर्षं मी त्या चाकापुढं उभी राहिले. माझी बोटं पांढरी पडली, खांदा उतरला. आणि आता गावाला माझी गरजसुद्धा नव्हती. मी नसले तरी त्यांना ऐकू येत होतं.

त्याच आठवड्यात आमचं जुनं गिऱ्हाईक असलेला एक ड्रायव्हर दुकानासमोर उदबत्ती लावत होता. मी आतून शटर ढकललं आणि वाकून बाहेर आले. इतक्या वर्षांत त्या बाजूनं मी पहिल्यांदाच बाहेर आले होते.

"उदबत्ती नका लावू," मी म्हणाले. "आत कुणी न्हाई. तुमचा क्रँक मीच घासलाय. ह्या हातानं."

ड्रायव्हर माझ्या हातांकडं बघत राहिला. मग मालकांकडं बघून हसला. "वहिनी, चेष्टा करून राह्यल्या का? जा, चहा ठेवा दोन कप."

मी मालकांकडं बघितलं. त्यांचे हात गुडघ्यांत होते. त्यांनी मान खाली घातली.

मी आत आले आणि दोन कप चहा ठेवला. बाहेर नेऊन दिला नाही. तो तसाच भांड्यात काळा झाला.

चार दिवस आम्ही कामापुरतं बोललो. पाचव्या दिवशी दुपारी जेवताना मी विचारलं, "लाईट गेल्ती त्या दिवशी तुम्हाला खरंच आवाज ऐकू येत व्हता का?"

मालक घास तसाच धरून बसले. हात थरथरत होता आणि भाकरीचा तुकडा त्याच्याबरोबर. "बंद पडलेलं मला कळतच न्हाई," ते म्हणाले. "माझ्या हातात ते चालूच ऱ्हातं. झोपेत पण."

"आन चहावाला? मावशी?"

"त्यांचं मला न्हाई ठाऊक." घास ताटात ठेवून म्हणाले, "त्या दिवशी तू बोललीस, मी बोललो न्हाई. मला बोलायला पाहिजे व्हतं. लाज वाटली."

महिन्याभरानं फिटर एक जुना क्रँक घेऊन आला. कापूस वाहणाऱ्या एका जुन्या ट्रकचा. त्याचा सुटा भाग आता कुठंच मिळत नव्हता, जालना, औरंगाबाद फिरून आलेला ट्रकवालाही त्याच्याबरोबर होता. मालकांनी चिठ्ठी बांधली नाही. ते उठले आणि म्हणाले, "आज शटर वर करून काम व्हईल. ज्याला बघायचं त्यानं बघावं." त्यांच्यानं एकट्यानं शटर उचललं जाईना. फिटरनं हात लावला. गंजलेलं शटर किंचाळत वर गेलं आणि दुपारचं ऊन पार मागच्या भिंतीपर्यंत शिरलं. तेलानं काळी झालेली कोळ्याची जाळी छतापासून लोंबत होती. मी रोज त्यांच्याखाली उभी राहत होते आणि मला ती ठाऊक नव्हती.

शटरच्या आवाजानं शेजारपाजारची माणसं, बाया दारात जमली होती. त्या सगळ्यांपुढं मी बांगड्या काढल्या. बायांपैकी कुणीतरी दचकून श्वास ओढलेला मला ऐकू आला. दांडा चढवला, सरळ केला, बटण दाबलं. तासाभरात रस्ता भरला. मशीन चालू असताना मागची माणसं टाचा उंचावून बघत होती. झाल्यावर मी दांडा पुसला आणि मायक्रोमीटर फिटरच्या हातात दिलं. "तुम्हीच बघा."

त्यानं तीन वेळा मोजलं. "बराबर हाय," तो म्हणाला. मग त्यानं माझ्या हातांकडं बघितलं आणि तो मागं सरकला. एका बाईपासून सरकावं त्यापेक्षा जास्त मागं सरकला.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "उस्ताद वहिनीच्या अंगात कधीपासून हायेत?"

"उस्ताद कुठंच न्हाईत," मालक म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "ही हाय. बारा-तेरा वर्षं हीच हाय. मी खोटं बोललो, ऐकलं का? मी खोटं बोललो."

सगळ्यांनी ऐकलं. ट्रकवाल्यानं दांडा उचलला, माझ्या पायाजवळ नारळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला. मालकांच्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. आजारी माणूस, बायकोला वाचवायला बोलतोय, असं नंतर लोक म्हणाले.

त्यानंतर माल आला नाही. शटरमागच्या हातांना लोक भिऊन का होईना काम देत होते. उघड्या दुकानातल्या बाईला द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि तसंही काम उरलं कुठं होतं? संक्रांतीला मी वाण लुटायला बसले तर चारच जणी आल्या. मावशी आल्या, पण त्यांनी कुंकू माझ्या हातून लावून घेतलं नाही. करंडा माझ्या हातून घेतला आणि स्वतःच लावलं.

पावसाळ्याआधी मशीन विकलं. जालन्याहून भंगारवाले आले. त्यांनी गॅसनं त्याचे तीन तुकडे केले, कारण अख्खं दारातून निघेना. मालक घरात तोंडावर पांघरूण घेऊन पडले होते. मी उभी राहून बघितलं. गाडी गेल्यावर फरशीत मोठा खड्डा राहिला, तेलकट, आत उंदराचं घर. तो आम्ही मुरमानं भरला. आठ-दहा दिवस मालकांना जेवण जाईना. मग एक दिवस ते उठले, त्या मोकळ्या खोलीत चटई टाकून बसले आणि म्हणाले, "हितं गार लागतंय. जेवण हिकडंच आण." त्यानंतर आम्ही तिथंच जेवायचो.

गावाबाहेर एक जिनिंग होती, कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. तिथल्या कापूस ओढणाऱ्या, लाटण्यासारख्या रूळांना वरचेवर खाचा पाडून घ्याव्या लागतात, आणि ते काम करणारा माणूस सोडून गेला होता. मॅनेजर बाहेरगावचा. त्याला आमच्या दुकानाची गोष्ट माहीत नव्हती. मी गेले तेव्हा त्यानं मला कापूस निवडणाऱ्या बायांच्या ओळीकडं हात दाखवला. मी म्हणाले, मला वर्कशॉपचं काम येतं. त्यानं टेबलावरचं मायक्रोमीटर आणि लोखंडाचा एक तुकडा पुढं केला. मी आकडा सांगितला. त्यानं स्वतः मोजून बघितलं आणि म्हणाला, "उद्या आठला या."

मी तिथं सहा हंगाम काम केलं. दुसऱ्या हंगामात मालक गेले, झोपेत, दुपारी. मी कामावर होते. मावशींनी निरोप पाठवला. मी घरी पोचले तेव्हा त्यांचे दोन्ही हात छातीवर स्थिर होते. इतक्या वर्षांत ते स्थिर असलेले मी बघितले नव्हते, त्यामुळं मी आधी त्यांच्या तोंडाकडं बघितलंच नाही.

पुढच्या वर्षी जिनिंगच्या जीपचं काही काम निघालं आणि तो फिटर तिथं आला. त्याचे केस पांढरे झाले होते. गॅरेज त्यानं बंद केलं होतं, आता पोरांच्या मोटरसायकलींचे पंक्चर काढायचा. वर्कशॉपच्या दारात उभा राहून तो बराच वेळ माझं काम बघत होता. मी मशीन थांबवल्यावर जवळ आला.

"वहिनी, राग मानू नका. एकच विचारतो. उस्ताद अजून येतेत का?"

मी त्याला सगळं पुन्हा सांगू शकत होते. दिव्याची टोपी, काळपट लुगडं, मालकांचा कंप, सगळं. मी त्याच्याकडं बघितलं. हातातली टोपी तो चुरगाळत होता, आणि त्याच्या तोंडावर जी आशा होती ती मला मोडवेना.

"येतेत," मी म्हणाले. "कधी कधी."

त्याचा चेहरा एकदम सैल पडला. त्यानं माझ्या मशीनला हात लावला, तो हात छातीला लावला आणि निघून गेला. संध्याकाळपर्यंत चार रूळ करायचे होते. मी पुढचा चढवला.